डोळ्याचं पातं

प्रश्न : माझी मुलगी आयुर्वेद महाविद्यालयात शिकते. तिच्या वहीत 'वर्त्म म्हणजे पापणी' असं लिहिलेलं माझ्या सासऱ्यांनी वाचलं आणि ते म्हणाले, हे चूक आहे. ते रोज गीता म्हणतात. 'मम वर्त्मानुवर्तन्ते' ही ओळ म्हणून दाखवून त्यांनी सांगितलं, वर्त्म म्हणजे मार्ग. मुलगी म्हणते, आमच्या बाईंनी हेच शिकवलंय. तिच्या इंग्रजी पुस्तकात तर याच भागाला 'पाल्पेब्रा' म्हटलंय. दोन दिवस घरात हाच विषय चालू आहे. आता मलाही प्रश्न पडलाय, की आपण पापणी म्हणतो ती नक्की कशाला? केसांना की कातडीला? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तुमच्या घरात कुणीच चुकलेलं नाही. आजोबांनी म्हटलेली ओळ गीतेत दोनदा येते, तिसऱ्या अध्यायात आणि चौथ्या अध्यायात, आणि दोन्हीकडे वर्त्म म्हणजे वाटच. मुलीच्या वहीतलं वर्त्म सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं आहे. त्याच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागाच्या पहिल्याच अध्यायात डोळ्याची पाच मंडलं सांगितली आहेत. बाहेरून आत येत मोजायची : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण, दृष्टी. पक्ष्म म्हणजे केस. ते ज्याच्या काठावर उगवतात ते झाकण म्हणजे वर्त्म. मग पांढरा भाग, मग काळा, मग मधली बाहुली. डोळ्याचे शहात्तर रोग सुश्रुत सांगतो, त्यातले एकवीस एकट्या वर्त्माचे आहेत. एवढ्याशा भागाला एवढी जागा देणारा माणूस शब्दही निष्काळजीपणे वापरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आता हा एकच शब्द वाटेला आणि पापणीलाही कसा? मूळ धातू 'वृत्', म्हणजे फिरणं, वळणं. बैलगाडीचं चाक फिरत जातं आणि मातीत चर पडतो, तो वर्त्म. मराठीत आपण त्याला चाकोरी म्हणतो. प्राकृतात वर्त्माचं 'वट्ट' झालं आणि मराठीत 'वाट'. म्हणजे आजोबा सकाळी गीतेत म्हणतात तो शब्द आणि संध्याकाळी नात उशिरा आली की ते जिची वाट बघतात तो शब्द, एकाच घरातले.

पापणीबद्दल मला जे वाटतं ते मी पुस्तकातून घेतलेलं नाही. नारायण पेठेतल्या दवाखान्यात मी पस्तीस वर्षं स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे डोळे तपासायच्या यंत्रापुढे, बसले. त्या यंत्रातून पापणी मोठी होऊन दिसते आणि एक गोष्ट लगेच कळते : ती खिडकीच्या पडद्यासारखी सरळ खाली पडत नाही. डोळा गोल आहे, आणि वरची पापणी त्या गोलावरून वळत खाली येते, वळत वर जाते. मिनिटाला साधारण पंधरा वेळा, जन्मभर, त्याच एका मार्गानं. खालची जवळजवळ हलतच नाही. ज्यानं कुणी या भागाला 'वृत्'पासूनचं नाव दिलं, त्यानं डोळ्यांची उघडझाप फार जवळून पाहिली असली पाहिजे. त्याला झाकण दिसलं नाही, हालचाल दिसली.

लॅटिन 'पाल्पेब्रा'ची गोष्ट याच्या शेजारचीच. छातीत धडधडतं त्याला डॉक्टर 'पाल्पिटेशन' म्हणतात ना, त्याचा आणि पाल्पेब्राचा गोत एकच : फडफडणं, थरथरणं. सातव्या शतकात होऊन गेलेला सेव्हिलचा इसिडोर हा पंडित आपल्या शब्दकोशवजा ग्रंथात हेच लिहितो, की त्या सतत हलत असतात म्हणून त्यांना पाल्पेब्रा म्हणतात. शेवटचा 'ब्रा' हा प्रत्यय साधन दाखवतो, म्हणजे 'जिनं फडफडायचं ती'. हाच प्रत्यय 'व्हर्टिब्रा'त आहे, म्हणजे पाठीच्या मणक्यात : 'ज्याच्यावर वळायचं तो'. आणि व्हर्टिब्रामधला 'व्हर्ट' हा संस्कृत 'वृत्'चा सख्खा चुलत भाऊ. मुलीला सांगा, तिच्या वहीतल्या वर्त्माचा नातेवाईक इंग्रजी पुस्तकात आहे, फक्त डोळ्याच्या धड्यात नाही, पाठीच्या धड्यात आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अप्पा बळवंत चौकातून घेतलेला जुना लॅटिन कोश मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

तिला आणखी एक शब्द भेटेल : 'टार्सस'. पापणी दोन बोटांत धरली तर आत एक चिवट पट्टी लागते, तिच्यामुळे पापणीला आकार राहतो. वरची पट्टी मध्यभागी साधारण दहा मिलिमीटर उंच, खालची त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या पट्टीचं हे नाव. पण पायाच्या घोट्याखालच्या हाडांनाही टार्सस म्हणतात, आणि विद्यार्थी गोंधळतात. ग्रीक लोक चीज वाळवायला जी विणलेली सपाट ताटी वापरत तिचं नाव 'टार्सॉस'. सपाट म्हणून तळपायालाही तेच, आणि पापणीच्या पट्टीलाही तेच. संस्कृतात पापणी आणि वाट, ग्रीकमध्ये पापणी आणि पाऊल. मी यावरून कुठला सिद्धांत काढत नाही, पण मला हे फार आवडतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा. पापणी म्हणजे केस की कातडी? आजच्या मराठीत दोन्ही. 'पापण्या लांब आहेत' म्हणतो तेव्हा केस. 'पापणी सुजलीय' म्हणतो तेव्हा कातडी. हा घोळ आपलाच आहे असं नाही. लॅटिनमध्ये 'सिलियम' म्हणजे आधी पापणीची कातडी होती, आणि भुवईला 'सुपरसिलियम' म्हणजे 'पापणीच्या वरची' म्हणत. पुढे सिलियम केसांवर सरकलं. लोकांची नजर काठावर जाते आणि काठावरचे केस नाव घेऊन जातात.

पण दवाखान्यात हा घोळ परवडत नाही. नव्यानं काम सुरू केलं तेव्हा एका गृहस्थांना मी मलम दिलं आणि म्हटलं, 'रात्री पापणीला लावा.' पापणीच्या काठावर खपल्या धरल्या होत्या, तिथं ते चोळायचं होतं. आठ दिवसांनी ते आले तेव्हा डोळे होते तसेच लाल. त्यांनी मलम इमानानं रोज लावलं होतं, केसांच्या टोकांना, काजळाच्या काडीनं. चूक माझी होती. मी त्यांना जागा सांगितलीच नव्हती.

बरा शब्द मला वेल्ह्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी दिला. समोर बसल्या आणि म्हणाल्या, 'बाई, माझं वरचं पातं आत वळलंय, पापणी बुबुळाला टोचतीया.' एका वाक्यात पूर्ण निदान. सुश्रुताच्या एकविसांतला शेवटचा रोग, पक्ष्मकोप, तो हाच. आजींकडे दोन गोष्टींना दोन शब्द होते. कातडीला पातं, केसांना पापणी.

पातं हा शब्द आपल्याकडेही आहे, फक्त आपण तो एका वाक्प्रचारात कोंडून ठेवलाय : 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच'. बाकी वेळी गवताचं पातं, सुरीचं पातं, पंख्याचं पातं. हे सगळं संस्कृत 'पत्र'मधून आलं, प्राकृत 'पत्त', मराठी 'पात' आणि 'पातं'. कांद्याची पात तीच. पातळ, लांबट, एका काठानं धरलेलं आणि हलणारं ते पातं. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी आहे, एक मिलिमीटरही जाड नाही. यापेक्षा नेमकं नाव कोण देणार?

परिभाषेत पापणीसाठी 'नेत्रच्छद' असाही शब्द वाचायला मिळतो. अर्थ सरळ, डोळ्याचं आच्छादन. ओठांनाही संस्कृतात रदनच्छद म्हणतात, दातांचं आच्छादन. पण अमरकोशात 'छद'चा आणखी एक अर्थ दिलाय : पान. पत्र, पलाश, दल, पर्ण यांच्याच ओळीत छद बसवलाय. पुण्यात पावसाळा सरला की रस्त्याकडेच्या ज्या सप्तपर्णीच्या फुलांच्या उग्र वासानं रात्री डोकं जड होतं, तिचं संस्कृत नाव सप्तच्छद. सात पानांची. मग नेत्रच्छद काय आणि डोळ्याचं पातं काय, घराण्यात फारसं अंतर नाही. फरक एवढाच की एक शब्द वेल्ह्याच्या आजी न शिकता बोलतात आणि दुसरा माझ्या विद्यार्थ्यांनाही दोनदा सांगावा लागायचा. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी पातं हा शब्द घ्यावा असं मी वीस वर्षं म्हणत आलेय. वरचं पातं, खालचं पातं, पात्याचा काठ, काठावरच्या पापण्या. यात कुणाला काय कळणार नाही?

मला या शब्दाचा एवढा लळा का, तेही सांगते. मी शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. माझे वडील बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, उलट्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. एक दिवस सकाळी चहा पिताना त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळला. आईनं पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटत नव्हता. आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात. चेहऱ्याची नस, सातवी, एका बाजूनं काम करेनाशी होते. डोळा मिटणारा स्नायू डोळ्याभोवती कड्यासारखा असतो आणि तो या नसेवर चालतो. पातं वर उचलणारा स्नायू वेगळा, त्याची नस वेगळी, तिसरी. म्हणून अशा माणसाचा डोळा उघडा राहतो, आणि तिसरी नस गेली तर उलट, पातं खाली पडून राहतं. हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. घरात पाहिलं तेव्हा समजलं.

वडिलांना डोळे मिटायला सांगितलं की डावं बुबुळ वर चढायचं आणि उघड्या फटीत नुसता पांढरा भाग दिसायचा. मी घाबरले होते. आमच्या सरांनी सांगितलं, हे चांगलंच आहे, डोळा स्वतःला वाचवतो आहे. न मिटणाऱ्या डोळ्याला वैद्यकात 'लॅगोफ्थॅल्मॉस' म्हणतात, ग्रीकमध्ये 'लागोस' म्हणजे ससा. ससा डोळे उघडे ठेवून झोपतो अशी त्यांची समजूत होती. वडिलांना मी हे सांगितलं तर त्यांनी मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला, आणि मग आयुष्यभर उलटी अक्षरं वाचलेल्या माणसासारखा तो मनात जुळवून पाहिला. ते स्वतः मात्र एवढंच म्हणायचे, 'पातं ऐकत नाही.'

रात्री दिवा मालवल्यावर आई त्यांच्या उशाशी बसायची आणि बोटानं ते पातं अलगद खाली ओढून धरायची, त्यांना झोप लागेपर्यंत. मग वर स्वच्छ ओली घडी ठेवून चिकटपट्टी लावायची. डोळा उघडा राहिला तर बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होऊ शकते, हे तिला डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं. दोन महिन्यांनी एका सकाळी वडील आरशासमोर उभे होते. आईला हाक मारून म्हणाले, 'बघ, लवलं.' मी शालाक्य, म्हणजे आयुर्वेदातला डोळे-कान-नाक-घशाचा विषय, घेतला तो त्यानंतर.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. त्याचे आजवर छापलेले खंड 'अ'नं सुरू होणाऱ्या शब्दांचेच आहेत. 'व'पर्यंत पोचायला अजून बराच अवकाश आहे, तेव्हा वर्त्माचा वाद तुम्ही घरातच मिटवलेला बरा.

प्रश्न : माझ्या मुलाला वरचेवर रांजणवाडी येते. सासूबाई लवंग उगाळून लावतात. याला जुन्या वैद्यकात काही नाव आहे का, आणि ती पुन्हा पुन्हा का येते? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : सुश्रुत तिला 'अंजननामिका' म्हणतो. पात्यावर येणारी बारीक, तांबूस, मऊ पुळी, आग होणारी आणि टोचणारी, असं तिचं वर्णन आहे. पापणीच्या केसाच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, त्यांत जंतू शिरले की ती होते. काठापासून दूर, आत, न दुखणारी गाठ आली तर ती वेगळी, तिला 'लगण' म्हणतात. टार्ससच्या पट्टीत तेलाच्या उभ्या ग्रंथी ओळीनं असतात, वरच्या पात्यात पंचवीस ते चाळीस, खालच्यात थोड्या कमी. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यानं 1666 मध्ये त्यांचं नीट वर्णन केलं म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. त्यातल्या एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की लगण. पातं दर वेळी लवतं तेव्हा हे तेल डोळ्याच्या ओलाव्यावर पसरतं आणि पाणी उडून जात नाही. मोबाइलकडे टक लावून बसणाऱ्या मुलाचं पातं कमी लवतं, आणि मग हे तेल नीट पसरत नाही.

लवंग लावू नका, डोळ्यात गेली तर फार झोंबते. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर पाच-दहा मिनिटं धरा, दिवसातून तीन-चार वेळा. पुळी दाबून फोडू नका. त्याचा हात सारखा डोळ्याला जातो का ते पाहा, आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. ज्यांना नीट दिसत नाही ती मुलं डोळे चोळतात. डोळ्याभोवती सगळीकडे सूज पसरली, ताप आला किंवा दिसणं अंधुक झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : नातवाचं नाव निमिष ठेवलं आहे. लोक विचारतात, हे काय नाव? (एक आजी, सहकारनगर)

उत्तर : छान नाव आहे. निमिष म्हणजे पातं लवायला लागतो तेवढा वेळ. विष्णुपुराणात याची गोष्ट आहे. निमी हा मिथिलेच्या जनकांचा पूर्वज. वसिष्ठांच्या शापानं त्याचा देह पडला. देव त्याला पुन्हा देह द्यायला तयार होते, पण त्यानं नाकारला, देह आणि जीव यांची ताटातूट पुन्हा सोसायची नाही म्हणाला. मला सगळ्यांच्या डोळ्यांवर राहू द्या, एवढंच त्यानं मागितलं. तेव्हापासून प्राण्यांची पाती लवतात, असं पुराण सांगतं. देवांची मात्र लवत नाहीत. महाभारतात दमयंतीसमोर नळाचं रूप घेऊन चार देव उभे राहिले, तेव्हा ज्याचं पातं लवत होतं, ज्याला घाम आला होता आणि ज्याची सावली पडत होती, त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली.

नातवाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगते, त्याच्या आईलाही सांगा. पोटात असताना दहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची वरची आणि खालची पाती एकमेकांना चिकटून बंद होतात. मागे डोळा घडत राहतो. साधारण सव्विसाव्या आठवड्यात ती सुटतात, आणि निमिषनं आपलं पहिलं निमिष तिथंच, अंधारात घेतलं.